न सोडलेली पट्टी

उल्हासनगर कॅम्प दोनच्या त्या हॉलमध्ये चपला ठेवायला जागा नव्हती. धुपाने डोळे चुरचुरत होते. सूटबूटातले ‘क्वांटम गुरू’ धर्मराज पितळी डबा दाखवत होते. आत पांढरं कागदी फूल. झाकण लावलं, थोड्या वेळाने उघडलं, तर फूल गुलाबी! मग नवं फूल ठेवून एका बाईला मधेच झाकण काढून बघायला लावलं. शेवटी ते पांढरंच निघालं.

“देखा? मधे बघितलं की अडकलं!” गुरू गरजले. “न बघितलेलं फूल पांढरंही असतं, गुलाबीही. तुमचा आजारही तसाच. तपासाल तर कायमचा राहील!”

टाळ्या पडल्या. शेजारी माझी आत्या, भिमाबाई बसली होती. तिला मधुमेह. पायाच्या जखमेवरची पट्टी गुरूंच्या सांगण्यावरून तिने कित्येक दिवस सोडली नव्हती, आणि आता धुपातूनही जखमेचा वास येत होता.

“दादा, हिला आत्ता डॉक्टरकडे ने,” मी तिच्या मुलाला म्हटलं.

“प्रीती, आपल्या बुवापाडा वस्तीत कोणी बुवाला भाव देतं का? अंगारे-धुपारे आपण कधीच सोडले,” बबनदादा चिडला. “हा सायन्सवाला आहे!”

मी अंबरनाथच्या कॉलेजात सायन्सच शिकवते. माझं डोकंच फिरलं. मी सरळ स्टेजवर चढले आणि डब्याच्या तळाची चकती उचकटली. खाली ओला कापूस होता. अमोनियाचा भपकारा नाकात शिरला. तो कापूस आणि गुरूंचंच एक ओलसर फूल मी प्रसादाच्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकून झाकण लावलं.

“बघत राहा,” मी म्हटलं.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फूल गुलाबी झालं.

“फुलाला प्रयोगशाळेतलं रसायन लावलंय. वाफ लागली की रंग येतो, मधे झाकण काढलं की वाफ उडून जाते. नजरेचा संबंध नाही! इलेक्ट्रॉनला मधे मोजलं की पुढचं बदलतं, हे खरं. मोठ्या वस्तूंचंही तसं होतं का, हे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वेळी मोजून तपासतात. पण आपल्या मोजण्यानेच धक्का लागला नाही ना, हे ते आधी बघतात. यांनी झाकण काढायला लावून धक्का दिला आणि त्यालाच चमत्कार म्हटलं.”

गुरू मागच्या दाराने सटकले. बबनदादाने तिथेच खाली बसून पट्टी सोडली. आत्याच्या पायाची बोटं काळी पडली होती.

पाऊल कापावं लागलं. शुद्धीवर आल्यावर आत्याने विचारलं, “आधी बघितलं असतं तर गं?”

“वाचलं असतं, आत्या.” मला खोटं बोलवेना.

जखम कुणी बघायची वाट पाहत नाही, ती आपली चिघळत जाते. म्हणून सांगते, विज्ञानाचं नाव घेऊन कुणी ‘बघू नका’ म्हणालं, तर त्याच क्षणी उघडून बघा.