भलरीला ट्रम्पेटची ओ

सबॅस्टियनने आपला सोलो चांगला चार पानं लिहून काढला होता. जॅझमध्ये सोलो म्हणजे त्या घटकेला सुचेल ते वाजवायचं. पण हा गडी वसईच्या चर्चमध्ये, समोर कागद ठेवूनच ट्रम्पेट शिकलेला. त्यात आखातातल्या दोहा शहरात नोकरी, तीही हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात. त्याने 'सुचेल ते'सुद्धा आधी सुचवून घेतलं, सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि घोकून ठेवलं.

बँडचा म्होरक्या ट्रेवर, तोही वसईचाच. तिसऱ्याच सुराला त्याने ओळखलं. "सॅबी, हे तर पाठांतर! शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे, त्याआधी दुपारच्या रिहर्सलला एकदा ऐकतो. तेव्हाही असंच वाजलं तर सोलो अभिजितच्या सॅक्सोफोनला."

सॅबीचा उभा जन्म मागच्या रांगेत गेला, आता कुठे पुढे उभं राहायची पाळी आली होती.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या व्हॅनमध्ये शेवटचा उतारू तोच उरला. ड्रायव्हर धोंडीराम माणदेशातला. मुशैरिब भागातल्या रिहर्सलच्या इमारतीखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावून त्याने मागे पाहिलं.

"काय वो सायेब, तोंड असं का उतरलंय? पिपानी हरवली का?"

"पिपाणी नाही रे, ट्रम्पेट!" म्हणत सॅबीने सगळं गाऱ्हाणं सांगितलं.

"पर ह्ये जॅझ आलं कुठनं?"

"अमेरिकेतल्या काळ्या गुलामांकडून. कापसाच्या शेतात राबताना एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. तीच गाणी मग चर्चमध्ये गेली, न्यू ऑर्लिन्सच्या बँडवाल्यांनी उचलली. मयताला जाताना रडवं वाजवायचे, परतताना नाचरं. आता साऱ्या जगभर झालंय."

"आन् त्ये समदे कापूस येचताना कागद बघून म्हनत व्हते व्हय?"



धोंडीराम खाली उतरला. "आवो, ही तर आमची भलरी! ज्वारी काढताना म्होरला गडी म्हनतो, मागचे झेलतात. कोन मागं ऱ्हायला तर त्येच्यावरच कडवं. काढा बाजा. मी म्हनतो, तुमी ओ द्या."

"इथे? पार्किंगमध्ये?"

"मग काय ज्वारी पेरू का?"

आणि व्हॅनच्या पत्र्यावर थाप देत त्याने सूर लावला:

"वसईचं केळं गोड, सालीत बसलंय दडून,
बाजा घेतलाय बगलंत, गानं ऱ्हायलंय अडून!
भलरी दादा भलरी!"

सॅबीला हसू फुटलं, आणि हसतच त्याने ट्रम्पेट ओठाला लावलं. पहिली ओ फुसकी निघाली.

"दम न्हाई! बायकूला भिता का काय?"

दुसरी ओ जरा तिखट आली. तिसरीला त्याने धोंडीरामचीच चाल उचलून त्याच्या अंगावर फेकली. खांबाखांबांतून सूर असे घुमले, जशी भरल्या कणसांतून पाखरं उठावीत. तेवढ्यात सिक्युरिटीवाला धावत आला. "खलास भाई, खलास! गाडियों के अलार्म बज रहे हैं!"

"शुक्रन भाई," धोंडीरामने त्याचे आभार मानले, "यल्ला सायेब, पळा वर!"

वर रिहर्सल सुरू झाली. सोलोची जागा आली आणि सॅबीने डोळे मिटले. दुसराच सूर चुकला. एरवी तो तिथेच मेला असता. पण भलरीत चुकला म्हणून कुणी विळा खाली ठेवत नाही. कुणाचंही चुकलं तरी बाकीचे तेच झेलून पुढे नेतात. त्याने तो चुकार सूर पुन्हा वाजवला, मुद्दाम, ठसक्यात. मग त्यालाच चिडवलं, समजावलं, कडेवर घेतलं आणि नाचवत घरी आणलं. ड्रमवाला मान डोलावत त्याच्या मागोमाग ठेका धरू लागला. अभिजितला राहवेना, त्याने सॅक्सोफोनवरून ओ दिली.

दारातून धोंडीराम ओरडला, "आता कसं!"

वाजवणं थांबलं तरी ट्रेवरची बोटं पियानोवरच होती. "सॅबी, हे कुठे होतं इतके दिवस? पुन्हा वाजव बघू. अगदी तसंच."

सॅबीने कपाळावरचा घाम पुसला. आठवून पाहिलं. एक सूर सापडेल तर शपथ!

"तसंच? गेलं रे ते," तो म्हणाला. "आता येईल ते दुसरंच."

ट्रेवर खदखदून हसला. "मग संध्याकाळी तूच वाजव. काय येतंय ते बघू या सगळे."