लाभाचं दार

"एकशेवीस ओहम दाखवतोय," वशरामभाई शिडीवरून म्हणाले.

"साठ दाखवायला हवेत, काका."

"ते आता मलाही ठाऊक झालंय, बेन. काल तुम्हीच शिकवलंत. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर. दोन्ही धडधाकट असले तर साठ, एक आजारी पडला तर एकशेवीस. म्हणजे एक आजारी आहे."

"मीटर बिघडला असेल."

"हा मीटर माझ्या धाकट्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, आणि तिच्यापेक्षा कमी खोटं बोलतो." वशरामभाई शिडी उतरले, ती खांद्यावर टाकून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पुन्हा चढले. मिनिटभरात त्यांचा आवाज आला, "हा बघा, तुम्ही लावलेला रेझिस्टर! स्क्रू तारेवर बसायच्या ऐवजी तिच्या प्लॅस्टिकवरच आवळलाय. आता सांगा किती?"

मलरनं मीटर लावला. बरोबर साठ.

मलरविळी कोइम्बतूरहून आली होती, नव्या यंत्रणेच्या कंपनीकडून. तिचं नाव मोरबीच्या तोंडात बसेना म्हणून पहिल्याच दिवशी कारखान्यानं तिला मलाईबेन करून टाकलं होतं. तिनं ते हसून घेतलं. वशरामभाई तेवढे तिला मलरबेन म्हणत, तेही सरावानं जमवलेलं.

ओधवजीशेठच्या टाइल्सच्या कारखान्यात वशरामभाई चावडांनी वायरमन म्हणून चोवीस वर्षं काढली होती. वय एकसष्ट, शिक्षण सातवी, आणि हाताला असं वळण की त्यांनी जोडलेली तार दुसऱ्यानं कधी पुन्हा जोडली नाही. कारखान्याच्या मागच्या आवारात जमिनीखाली बारा टाक्या होत्या. त्यांत टाइल्सची माती पाण्यात कालवून ठेवलेली असे. ती तळाला बसून दगड होऊ नये म्हणून प्रत्येक टाकीत एक लोखंडी रवी मोटरीवर फिरत राही. बारा रव्यांचे बारा स्टार्टर या खोलीत, एका ओळीत, एकेका लोखंडी दारामागे. रोज सकाळी एकेका दाराचं बटण दाबायचं आणि मागे जाऊन टाकीत डोकवायचं, हे वशरामभाईंचं काम.

आता ते काम कॉम्प्युटर करणार होता. त्यासाठी प्रत्येक स्टार्टरला साबणाच्या वडीएवढा एक ॲडॅप्टर बसवायचा, सगळे ॲडॅप्टर एका तारेत ओवायचे आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. कॉम्प्युटर नंबर घेऊन हुकूम सोडणार आणि ज्याचा नंबर त्यानंच तो ऐकायचा. शेठनं वशरामभाईंना सरळ सांगितलं होतं, "काका, शनिवारी दुपारी हे चालू झालं तर त्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची तुमची. नाहीतर एजन्सीचा माणूस बसेल आणि तुम्ही घरी आराम करा."

आराम या शब्दाची वशरामभाईंना धास्ती होती. घरी आराम करणारे त्यांचे दोन्ही मोठे भाऊ वर्षाच्या आत वारले होते. शिवाय त्यांना ती खुर्ची मनापासून हवी होती. पडदा नीट दिसावा म्हणून त्यांनी चष्म्याचा नंबरही बदलून आणला होता. तीन दिवसांत तेरा ॲडॅप्टर त्यांनी एकट्यानं बसवले. बारा मोटरींचे, आणि तेरावा ओळीतल्या शेवटच्या राखीव स्टार्टरचा. मलरला एकही स्क्रू पुन्हा फिरवावा लागला नाही.

"आता नंबर देते," मलर ॲडॅप्टरवरची नंबराची चकती फिरवायला बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन पहिल्या दारापाशी उभी राहिली. दारांवरचे जुने आकडे धुळीनं केव्हाच पुसले गेले होते. फक्त पहिल्या दारावर शेंदरानं ठसठशीत काहीतरी लिहिलेलं होतं. दर दसऱ्याला वशरामभाई ते पुन्हा गिरवत. "काका, हे पहिलं?"

वशरामभाई शिडीवर तार बांधत होते. तोंडात दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या धरल्या होत्या. "ते लाभ," ते तसेच म्हणाले. "पुढे मोजत जा."

मलरनं मान डोलावली आणि पुढे मोजत गेली.

पुरवठा दिला तेव्हा तेराही ॲडॅप्टरचे दिवे हिरवे लुकलुकू लागले. "लुकलुकतोय म्हणजे कॉम्प्युटर अजून त्यांना ओळखत नाही," मलर म्हणाली. "ओळख पटली की स्थिर होतील."

"म्हणजे आता पाहुणे मुलगी बघायला आलेत, आणि स्थिर झाला की होकार."

"आणि लाल झाला तर?"

"तर पोहे फुकट गेले."

तेराही जणांचा होकार आला. एकही लाल नाही. वशरामभाईंनी टोपी काढून घाम पुसला आणि चहा मागवला. बशीत ओतून त्यांनी तो एका दमात संपवला.

तेवढ्यात रूमाल नावाचा कामगार आला. रूमाल दाहोदकडचा. टाकी रिकामी झाली की आत उतरून तळाची माती खरवडायचं काम त्याचं. कमरेला दोर बांधलेला, हातात फावडं. "काका, पाच नंबरमध्ये उतरतोय."

"थांब." वशरामभाईंनी पाच नंबरचं दार उघडलं, आतले तीन जाड फ्यूज चिमट्यानं उपसले आणि शर्टाच्या खिशात टाकले. खिसा खाली लोंबला. "आता जा."

"काका, याची आता गरज नाही," मलर म्हणाली. "मी पाच नंबरला कॉम्प्युटरवरून कुलूप घातलंय. कुणी काही दाबलं तरी तो सुरू होणार नाही."

"चांगलं केलंत. तुमचं कुलूप असू दे, माझंही असू दे."

"मग माझ्या यंत्रणेचा उपयोग काय?"

"माणूस खाली असला की त्याचा फ्यूज माझ्या खिशात असतो, बेन. चोवीस वर्षांची खोड आहे. तुमच्या कुलपावर राग नाही माझा."

मलरला ते थोडं लागलं. पण तिच्यासमोर दुसरीच अडचण उभी होती. एकेक मोटर क्षणभर फिरवून कुठला नंबर कुठल्या टाकीला लागतो ते बघायचं राहिलं होतं. त्याला तास तरी लागणार होता. आणि ओधवजीशेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभे होते.

"बारा एकोणचाळीस," शेठनं घड्याळ दाखवलं. "विजय मुहूर्त. बटण मी दाबणार."

"सर, चाचणी राहिलीय. एक तास द्या."

"चाचणी नंतर करा, बेन. मुहूर्त नंतर येतो का?" शेठ वशरामभाईंकडे वळले. "काय काका, सगळं बरोबर आहे ना?"

वशरामभाईंनी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. कुठलीही नवी जोडणी स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाच्या हाती दिली नव्हती. पण तेरा हिरवे दिवे समोर होते, खुर्ची समोर होती आणि शेठ आशेनं बघत होते. "सगळं बरोबर आहे, शेठ," ते म्हणाले.

चार नंबरची टाकी काठोकाठ भरलेली होती, तिची रवी आधी फिरायला हवी होती. बाराला एकोणचाळीस मिनिटं झाली तसं शेठनं हात जोडले आणि पडद्यावरच्या चारवर बोट टेकवलं. चारचा चौकोन हिरवा झाला. शेठनं टाळी वाजवली आणि पेढ्यांचा बॉक्स उचलला.

ओळीतून खट्ट असा आवाज आला. स्टार्टर जागी बसून चालू झाल्याचा. चोवीस वर्षं या खोलीत वावरलेल्या माणसाला तो कुठल्या दारातून आला हे मान वळवायच्या आधीच कळलं. पाचव्या.

"करंट शून्य दाखवतोय," मलर पडद्याकडे बघत म्हणाली. "चार चालू आहे, पण करंट..."

"बंद करा!" वशरामभाई असे ओरडले की शेठच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स खाली पडला. "आधी बंद करा!"

मलरनं बंद केलं. वशरामभाईंचा हात खिशावर घट्ट आवळलेला होता. हुकूम पाचव्या स्टार्टरला पोचला होता, तो इमानदारीनं बसलाही होता, फक्त पुढची वाट या खिशात होती. नाहीतर जमिनीखाली रूमालच्या डोक्यावर ती लोखंडी रवी फिरली असती.

"एक नंबर कुठल्या दाराला दिलात?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या." मलर पहिल्या दाराकडे बघत म्हणाली. "पहिल्यावर शुभ-लाभ लिहिलंय ना, दुकानावर लिहितात तसं? मला वाटलं ते पूजेचं दार आहे. त्याला राखीव म्हणून तेरावा नंबर दिला. तुम्हीच म्हणालात काका, ते लाभ, पुढे मोजत जा."

वशरामभाई शिडीच्या पायरीवर बसले. त्यांचे वडील मार्केट यार्डात धान्य मापायचे. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग बे, त्रण, चार. तीच मोजणी लेकाच्या तोंडात उतरली होती. चोवीस वर्षं या कारखान्यात एक नंबरची मोटर नव्हतीच. लाभ होती. रूमालपासून शेठपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून कोइम्बतूरच्या मुलीला ते सांगावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिची मोजणी एका दारानं मागे पडली, चारचा हुकूम पाचव्या दाराला गेला आणि पाचचं कुलूप सहाव्या दारावर जाऊन बसलं.

"चूक कुणाची?" शेठनं विचारलं.

"माझी, सर," मलर म्हणाली. "मी चाचणी न करता..."

"त्यांची नाही," वशरामभाई उठून उभे राहिले. "तोंड माझं, शब्द माझा. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सगळं बरोबर आहे असं म्हणणाराही मीच. चाचणी करायची असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला खुर्ची दिसत होती."

शेठनं पायाशी सांडलेल्या पेढ्यांचा बॉक्स उचलून बाजूला ठेवला. "काका," ते म्हणाले, "ही यंत्रणा आकड्यांवर चालते. मोजताना तुमच्या तोंडात एक हा आकडाच येत नाही. सोमवारपासून एजन्सीचा माणूस बसेल."

"बरं," वशरामभाई म्हणाले. खुर्ची गेली होती, पण ते बरं खरं होतं. शेठच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

ते आधी टाकीवर गेले आणि दोर तीनदा हलवून रूमालला वर बोलावलं. रूमाल डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चिखलानं माखून बाहेर आला.

"झाला का मुहूर्त? पेढा कुठंय?"

"बस इथं." वशरामभाईंनी काहीही न लपवता सांगितलं. लाभ कसा चुकला, बटण कुणी दाबलं, खट्ट आवाज कुठून आला. रूमाल ऐकत गेला तसा त्याच्या तोंडावरचा चिखल वाळून तडकत गेला.

"फ्यूज खिशात होते ना?"

"होते."

"मग झालं तर."

"झालं नाही, रूमाल. मी 'सगळं बरोबर आहे' म्हणालो होतो. तू खाली असताना."

रूमालनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "काका, इतकी वर्षं मी खाली जातोय. आजवर कुणी येऊन मला असं सांगितलं नव्हतं." मग तो नळावर तोंड धुवायला गेला.

त्या दुपारी मलरनं सगळे नंबर नव्यानं दिले आणि तासभर चाचणी केली. ती आतून एकेक मोटर फिरवायची आणि वशरामभाई आवारात उभं राहून जी रवी हलेल तिचा नंबर ओरडून सांगायचे. "एक!" त्यांनी पहिल्याच टाकीवर ओरडून सांगितलं. शब्द जरा अडखळला, पण निघाला. बाराच्या बारा बरोबर आल्या. निघताना मलर त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला मधेच धरलं.

"काय करताय, बेन? तुमचं काम झकास झालंय. पुढच्या गावी गेलात की आधी विचारा, तुम्ही लोक मोजता कसं?"

सोमवारी एजन्सीचा माणूस आला. पिंटो नावाचा, इस्त्रीचा शर्ट, कानात इअरफोन. वशरामभाई हिशेबाचे कागद घ्यायला म्हणून आले होते, तेवढ्यात सहाव्या टाकीवर आवाज चढले.

"मी कुलूप घातलंय," पिंटो सांगत होता. "फ्यूजही काढून ठेवलेत, हे बघ. आणखी काय पाहिजे तुला?"

"काका पाहिजेत," रूमाल म्हणाला. "वर बसायला."

"ते निवृत्त झाले."

"मग मीही झालो."

ओधवजीशेठ आले. त्यांनी रूमालला समजावलं, मग दरडावलं. रूमाल कमरेचा दोर सोडून टाकीच्या कडेला उकिडवा बसून राहिला. "शेठ, कॉम्प्युटरला काही बोलत नाही मी. चांगला असेल तो. पण हाक मारली तर ओ देईल का?"

शेठनं सुस्कारा सोडला आणि वशरामभाईंकडे बघितलं. "काका, रोज याल? टाकीत माणूस उतरेल तेव्हा वर बसायचं. बाकी काही काम नाही. पगार मात्र पूर्वीएवढा देता येणार नाही."

वशरामभाईंनी कागद घडी करून ठेवले. पिंटोकडून फ्यूज मागून घेतले आणि टाकीच्या तोंडाशी पालथ्या बादलीवर बसले. रूमालनं दोर बांधला आणि शिडीवरून खाली उतरत दिसेनासा झाला. खालून फावड्याचा खरखर आवाज येऊ लागला. आत खोलीत खुर्चीवर पिंटो होता, पडदा त्याच्यासमोर होता. वशरामभाईंनी एकदाच तिकडे बघितलं, आणि मग नाही बघितलं.

फावडं थांबलं.

"काका?"

"आहे रे," वशरामभाई म्हणाले. फावडं पुन्हा चालू झालं.