लात्व्हियानं कॅनडाला हरवलं त्या दिवशी

अठ्ठावीस डिसेंबरच्या शनिवारी, सकाळी सहाला, माझ्या मुलानं मला गदागदा हलवून उठवलं. कशासाठी, तर लात्व्हियाची मॅच बघायला. मी निवृत्त माणूस. थंडीचे दिवस. बायको पंढरपूरला माहेरी गेलेली, म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पहाटे भांडी आपटणारं कुणी नाही. असं सुख पदरात पडलेलं असताना पुण्याहून चार दिवस सुट्टीवर आलेला हा चोवीस वर्षांचा घोडा उशाशी उभा राहून म्हणतो, "पप्पा, उठा की! ज्युनिअर वर्ल्ड कप आहे, आइस हॉकीचा. समोर कॅनडा आहे."

"मग फडशा पडणार त्यांचा. त्यात बघायचं काय?"

"बघा तर खरं," ओजस म्हणाला आणि त्यानं माझी गोधडीच ओढली.

त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. पडद्यावर पांढराशुभ्र बर्फ आणि त्यावर वीस वर्षांखालची पोरं वाऱ्यासारखी पळत होती. ओजस मला समजावत होता. लात्व्हिया म्हणजे एवढासा देश, लोकसंख्या आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. कॅनडात हा खेळ म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. ज्युनिअरमध्ये या चिमुरड्यांनी कॅनडाला आजवर एकदाही हरवलेलं नाही. मी हं हं करत चहा पीत होतो. खरं तर मला त्या खेळाकडे बघवत नव्हतं, आणि का बघवत नव्हतं ते फक्त मलाच माहीत होतं.

ओजस हा खेळ खेळायचा. हसू नका. सोलापुरात बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर मिळतो, पण चाकांचे बूट घालून बास्केटबॉलच्या मैदानावरही हा खेळ खेळता येतो. तिप्पण्णा सर म्हणून एक गृहस्थ होते, अक्कलकोटकडचे. ते पोरांना पहाटे शिकवायचे, ऊन चढायच्या आत. ओजस गोलकीपर. क्रिकेटचे पॅड बांधायचा आणि अंगावर आलेला फटका छातीवर घ्यायचा. सरांचा त्याच्यावर फार जीव. बारावीच्या आदल्या सुट्टीत ते त्याला आणि आणखी दोघांना स्वतःच्या खर्चानं उत्तरेला घेऊन गेले आणि खऱ्या बर्फावर उतरवून आणलं.

बारावीच्या वर्षी, डिसेंबरात, एक पत्र आलं. कनिष्ठ गटाच्या भारतीय संघाचं निवड शिबिर, जानेवारीत, लेहला. ओजसचं नाव यादीत होतं. शाळेचं ना हरकत पत्र मागितलं होतं. पत्र शाळेत आलं आणि त्या शाळेचा मुख्य लिपिक मी होतो.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. पोराला इंजिनिअर करायचं मी आणि बायकोनं, चेतनानं, त्याच्या बारशालाच ठरवलेलं. मी ते पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या कुणी बापानं ते फाडून टाकलं असतं. मी कारकून. चौतीस वर्षांत एकही कागद फाडलेला नाही. मी आवक नंबर टाकला, उत्तर टाइप केलं, "विद्यार्थी व पालक शिबिरास इच्छुक नाहीत," आणि शनिवारी शाळा सुटायच्या वेळी मुख्याध्यापकांच्या सहीच्या ढिगात सरकवलं. त्या वेळी ते वाचत नसत, नुसत्या सह्या करत. जावक नंबर पडला, पत्र गेलं. मी ते फाडलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर नाही म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं असतं, बोंबाबोंब झाली असती आणि पोरगा गेला असता. माझ्या नीटनेटकेपणानं सगळी दारं बंद केली.

तिप्पण्णा सर चौथ्या दिवशी कार्यालयात आले. मी म्हणालो, "सर, ओजसच नको म्हणतोय. तुम्हाला तोंड दाखवायला लाजतोय. कृपा करून त्याला काही विचारू नका." ते "बरं सायेब" म्हणून गेले. आणि घरी येऊन मी पोराला सांगितलं, यादीत तुझं नाव नाही. वर सरांच्या तोंडी घातलं, पोरगं कष्टाळू आहे, पण ते अंगात असावं लागतं.

ओजस त्यानंतर मैदानावर गेला नाही. सरांनी बोलावलंही नाही. दोघं एकाच गावात राहून एकमेकांवर रुसून बसले आणि दोघांनाही रुसायला मीच कारण पुरवलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सर गेले. ओजस दारावरही गेला नाही.

इकडे टीव्हीवर भलतंच चाललं होतं. कॅनडा पुढे होता, पण शेवटच्या काही मिनिटांत लात्व्हियानं बरोबरी साधली. त्यांचा गोलकीपर म्हणजे भिंत होता नुसता, पन्नासच्या वर फटके अडवले त्यानं. शेवटी एकेका खेळाडूनं एकट्यानं गोलकीपरसमोर येऊन गोल मारायचा, अशी वेळ आली. एक चुकतोय, दुसरा चुकतोय. माझाही चहा निवला. ओजस दोन्ही गुडघे वाकवून टीव्हीसमोर उभा होता, थेट गोलकीपरसारखा, आणि समोरून फटका आला की त्याचा डावा हात आपोआप उचलला जात होता. मग लात्व्हियाच्या एका पोरानं चेंडू, म्हणजे ती रबराची चकती, जाळ्यात घातली आणि संपलं. ते एवढेसे जिंकले. सगळी पोरं त्या गोलकीपरवर तुटून पडली.

ओजस रडत होता. मी त्याला मोठेपणी रडताना पाहिलं नव्हतं.

"सर बरोबर बोलले होते, पप्पा," डोळे पुसत तो म्हणाला. "हे अंगात असावं लागतं. मी उगाच सात वर्षं त्यांच्यावर राग धरला."

मी गप्प बसलो असतो तर चालून गेलं असतं. सात वर्षं चाललंच होतं की. पण त्याचा तो अर्धा उचललेला हात मी नुकताच पाहिला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पत्र, सही, सर आले तो दिवस.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे सरांना वाटलं, मीच नको म्हणालो?"

"हो."

"मरेपर्यंत?"

त्यानं स्कूटरची किल्ली उचलली. मी म्हणालो, "सरांच्या घरी, काकूंकडे चाललास ना? मी येतो. मी सांगतो त्यांना, माझ्या तोंडानं." मी मागे बसलो आणि अक्कलकोट रोडपर्यंत मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिलो. वहिनी, तुमच्या मालकांशी मी खोटं बोललो. पोराचा दोष नाही. दोनच वाक्यं होती.

सरांची बायको निंगव्वा दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि सूप बाजूला ठेवून उठली.

"ओजस? व्हय की रे! किती मोटा झालास. ये, आत ये."

ओजस वाकून तिच्या पाया पडला आणि लवकर उठला नाही. भिंतीवर सरांचा फोटो होता, गळ्यात शिट्टी.

"लई आठवण काढायचे तुजी," ती म्हणाली. "आजारी पडले तवाबी. माजंच कायतरी चुकलं आसंल म्हनायचे. पोराला लई ताणलं, म्हनून त्यानं खेळ सोडला. का आला न्हाईस रे एकदाबी?"

ओजसनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी तोंड उघडलं. म्हातारी दोघांकडे आलटून पालटून बघत होती आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी ओजसच खाली बघून म्हणाला, "सरांचं काही चुकलं नव्हतं, काकू. मलाच नको वाटलं तेव्हा. अभ्यास होता. माझी चूक झाली."

"आसू दे, आसू दे," निंगव्वानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपले. मग माझ्याकडे वळली. "सायेब, उबे का? बसा की. चूक कबूल करायला हितवर आलं पोरगं. लई चांगलं वळण लावलंय तुमी."

मी बसलो. ओजस फोटोकडे तोंड करून उभा होता. तिनं चहा करून आणला, पहिला कप मला दिला आणि विचारलं, साखर बरोबर हाय का?

"बरोबर आहे," मी म्हणालो. त्या घरात मी बोललो ते एवढंच.