गॅलनला अठरा मैल

आर्लिस कॉर्नेटच्या गाडीचं ॲव्हरेज विचारायचं नसतं, हे डेटनच्या त्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. एकोणसत्तर सालची लालभडक, लांब नाकाची गाडी. बॉनेटखाली आठ सिलिंडरचं असं धूड, की चालू केलं तर शेजारच्या घरातल्या कपबश्या वाजायच्या. गॅलनला दहा मैल, तेही देवाच्या मनात असेल तर. चार वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पेट्रोल पाण्यासारखं मिळायचं आणि ते पाण्यासारखंच वाहवायचं असतं अशी सगळ्या ओहायोची समजूत होती. मग त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात अरबांनी तेलाचा नळ आवळला. पंपांवर रांगा लागल्या, डब्यात पेट्रोल द्यायला बंदी आली, रविवारी तर पंपच बंद. दारातली गाडी एकदम दारात बांधलेल्या हत्तीसारखी दिसायला लागली.

हत्ती विकून मोकळं होता आलं असतं. पण नेमकं आत्ताच आर्लिसला बापाला आणायचं होतं.

त्याचा बाप होबर्ट केंटकीच्या डोंगरात, लिटल डो नावाच्या खोऱ्यात एकटा राहायचा. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती आणि त्या खाणीतली निम्मी धूळ छातीत घेऊन घरी आला होता. पुढचा हिवाळा त्या घरात निघायचा नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. डेटनच्या इस्पितळात मोठ्या मिनतवारीनं एक खाट मिळाली होती: सोमवार, एकवीस जानेवारी, सकाळी आठ. ती चुकली तर पुढची एप्रिलात. म्हातारा चार वर्षं ‘नाही’ म्हणत होता. नाताळात कधी नव्हे तो ‘येतो’ म्हणाला. पण अट घातली.

“रविवारची सभा झाल्याशिवाय निघणार नाही,” तो दुकानातल्या फोनवर धापा टाकत म्हणाला. “निरोपाचा हात घेतल्याशिवाय मी खोरं सोडायचा नाही.”

त्यांच्या चर्चच्या मंडळीची सभा महिन्यातून एकदा, तिसऱ्या रविवारी. कायमचं निघालेल्या माणसाला तिथं पुढं उभं करतात, गाणं धरतात, आणि एकेक जण येऊन त्याचा हात हातात घेतो. होबर्टनं स्वतः शेकडो जणांचे हात धरले होते; आपल्या वेळेला तो चोरासारखा शनिवारी निघून जाईल, हे शक्य नव्हतं. आर्लिसला हे समजत होतं, म्हणून त्यानं वादही घातला नाही.

मग उरला तो हिशेब. शनिवारी संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी, विंचेस्टरला टाकी भरायची; तिथून खोऱ्यात, आणि रविवारी खोऱ्यातून थेट डेटन. तीनशे चाळीस मैल. टाकी एकोणीस गॅलनची. गॅलनला अठरा मैल मिळाले तरच पोचणार. आणि मिळत होते दहा.

“माझी ने ना,” कारखान्यात शेजारच्या मशीनवर काम करणारा कॅझ म्हणाला. त्याच्याकडे कासवाच्या पाठीची छोटी जर्मन गाडी होती. “तीस देते. जाशील, येशील, वर पेट्रोल उरेल.”

“त्या कासवातून? लिटल डोमध्ये?”

“कासव पोचतं तरी.”

“तुला नाही कळायचं रे.”

कॅझला खरंच कळण्यासारखं नव्हतं. खोऱ्यातून उत्तरेला गेलेला माणूस घरी येतो तो गाडीतून, आणि त्याचं कसं चाललंय ते लोक गाडीवरूनच ओळखतात. ऑर्विल फुगेट एकदा मेव्हण्याच्या चिमुकल्या गाडीतून आला, तर त्याची नोकरी गेल्याची बातमी दुपारच्या आत खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. त्यात हा बापाचा शेवटचा दिवस, सगळी मंडळी जमलेली. आर्लिसची बायको वेल्डा त्याच खोऱ्यातली, तिला हे सगळं पाठ होतं. तरीही ती चिडली.

“बाप आणायचाय की वरात काढायचीय?”

“दोन्ही,” आर्लिस म्हणाला आणि गॅरेजमध्ये गेला.

तीन आठवडे तो गाडीखालीच होता. चार तोंडांचा कार्ब्युरेटर काढून त्यानं भंगारातला दोन तोंडांचा बसवला, वर त्याचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोट्या, बारीक केले. ठिणगीचं टायमिंग पुढं घेतलं. मागच्या एक्सलचे दाते बदलले, इंजिन कमी फिरावं आणि चाकं जास्त. टायर दगडासारखे फुगवले. स्टेपनी, जॅक, मागची सीट, सगळं बाहेर काढून भिंतीला लावलं. इंजिन गरम राहावं म्हणून जाळीच्या आतून रेडिएटरवर पुठ्ठा बांधला, आणि आपलाच पाय आपल्याला दगा देईल म्हणून एक्सलेटरखाली लाकडाचा ठोकळा ठोकला. ज्या गाडीवर त्यानं जीव टाकला होता तिला तो रोज थोडी उपाशी मारत होता, आणि रोज वहीत मैल वाढत होते. बारा. चौदा. सोळा. लहान मुलासारखा तो वेल्डाला आकडा सांगायला धावायचा. ती भांडी घासता घासता ‘हं’ म्हणायची.

“इतकं तोडू नकोस,” कॅझनं एकदा बॉनेटमध्ये डोकं घालून बजावलं. “पेट्रोल नुसतं जळत नाही, ते आतून गारही ठेवतं. एवढी हवा आणि एवढंसं पेट्रोल, चढावर पिस्टनला भोक पडेल.”

“सपाटीला काही होत नाही.”

“आणि तुझं गाव काय सपाटीवर आहे?”

आर्लिसकडे याचं उत्तर होतं. जुने मोठे जेट त्यानं फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. परतीच्या वाटेवर खोऱ्यातून बाहेर पडताना बझर्ड गॅप नावाच्या खिंडीचा चढ लागतो, पाच मैलांचा. त्याच्याआधी ते बसवायचे, पुठ्ठा काढायचा आणि चढून झाल्यावर पुन्हा बदलायचं. अर्ध्या तासाचं काम. शेवटच्या फेरीत, ओहायोच्या तव्यासारख्या सपाट रस्त्यावर, पंचेचाळीसच्या वर न जाता गाडीनं अठरा दिले. त्या दिवशी त्यानं वेल्डाला उचलून गोल फिरवलं.

शनिवारी विंचेस्टरला दीड तास रांगेत उभं राहून टाकी काठोकाठ भरली. उत्तरेकडून बझर्ड गॅप चढायला सोपा, गाडीही रिकामी. कुरकुर न करता ती वर गेली. खोऱ्यातल्या दुकानाचा पंप गुरुवारपासून कोरडा होता, म्हणजे टाकीत होतं तेच काय ते. होबर्ट शेगडीपाशी टोपी घालून तयार बसला होता. निघायला अजून एक अख्खा दिवस होता.

रविवारी सभा लांबली. होबर्टला खुर्चीत बसवलं, कारण उभं राहवत नव्हतं. एक म्हातारा ओळ सांगायचा आणि सगळे ती ओढून ओढून गायचे. रांग पुढं सरकत होती. हात धरला की लोक सोडायचेच नाहीत. खाणीत होबर्टबरोबर गाडला जाऊन परत निघालेला एक जण तर त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. आर्लिस भिंतीशी उभा राहून रडत होता आणि मधूनच घड्याळ बघत होता, आणि घड्याळ बघतो म्हणून त्याला स्वतःची लाज वाटत होती.

बाहेर आले तेव्हा तीन वाजून गेले होते. अर्धी मंडळी गाडीभोवती जमली होती.

“हीच का रे ती? आवाज काय करते!”

“आर्लिस, बॉनेट उघड की! दाखव आतलं जनावर.”

आर्लिसचा हात बॉनेटपर्यंत गेला होता, जेट बदलायलाच. आत काय होतं? ट्रकच्या भंगारातलं दोन तोंडांचं खेळणं, आणि सुतळीनं बांधलेला पुठ्ठा. ऑर्विल फुगेट अगदी पुढं उभा होता.

“उशीर झालाय,” आर्लिस म्हणाला. “बाबांना थंडी लागतेय.”

थंडी लागत होती हे खोटं नव्हतं. वळण ओलांडलं की थांबू, असं त्यानं ठरवलं. वळण ओलांडलं, तिथं रस्त्यावर बर्फ होता. पुढं थांबू म्हणाला, तर शेजारी बसलेल्या बापाला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद, अर्धा तास. काल तर चढली होती, आर्लिसनं स्वतःला सांगितलं, आणि चढ सुरू झाला.

चार मैल ती गेली. मग दाते बदललेली गाडी धापा टाकायला लागली. आर्लिसनं पाय दाबला, पाय ठोकळ्यावर अडला. खालच्या गिअरमध्ये घातली, आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला: पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. तो आवाज ओळखत नाही असा माणूस त्या कारखान्यात नव्हता.

“हे काय वाजतंय?” होबर्टनं विचारलं.

“नॉक करतंय. हवा जास्त होतेय इंजिनाला.”

“नशीबवान आहे,” म्हातारा म्हणाला.

थांबावं तर बर्फाच्या उतारावरून पुन्हा निघता येणार नाही. चालवावी तर जळेल. एकच मैल उरलाय, असं म्हणत त्यानं चालवली. एका वळणावर धाडकन आवाज झाला, मागच्या काचेत निळा धूर भरला आणि गाडी थरथरत, लंगडत, खिंडीच्या पाऊण मैल अलीकडे दरडीला टेकून उभी राहिली. आर्लिसनं बॉनेट उघडलं. आता बघायला कुणी नव्हतं. पुठ्ठा एका कडेला काळा पडला होता. त्यानं तो उपटून दरीत फेकला, आणि मग कप्प्यातले जेट काढून हातात घेऊन उगाच उभा राहिला. भोक पडलेल्या पिस्टनला जेट काय करणार?

रविवार होता. सरकारनं घरी बसा म्हटलं होतं, पंप बंद होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सभेची मंडळी सगळी खाली, उलट्या दिशेला गेली होती.

आत येऊन त्यानं आपला कोट बापाच्या अंगावर घातला. काचा आतून धुरकट व्हायला लागल्या होत्या.

“बाबा, मी खाली पळत जातो. कुणाचा तरी ट्रक आणतो. आजची रात्र घरी काढू.”

“घरी?” होबर्ट थांबून थांबून बोलत होता. “सगळ्यांचे हात घेऊन झाले, आर्लिस. त्या खोऱ्यातून मी गेलो. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?”

“मग वर जातो. पलीकडे एखादं घर असेल.”

“नऊ मैलांत नाही. बस इथंच.”

आर्लिस बसला. सकाळी आठ वाजता डेटनमध्ये कोणीतरी खाटेवरची चादर सरळ करील आणि यादीतलं पुढचं नाव वाचील, हे त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. बापाचा श्वास आत जाताना शीळ वाजायची आणि बाहेर येताना तीही नाही.

“कॅझ म्हणून एक आहे कारखान्यात,” तो न राहवून म्हणाला. “त्यानं त्याची गाडी देऊ केली होती. छोटी. मीच नको म्हटलं. म्हटलं, लोकांपुढं तुम्हाला...”

होबर्टनं अंगावरचा कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला.

“मी तीस वर्षं आडवा पडून कोळशाच्या डब्यातून कामाला गेलो,” तो म्हणाला. “मला गाडीतलं काय कळतं रे?”

मग त्यानं हात पुढं केला. दिवसभर शंभर हातांनी धरलेला, थंडगार हात. आर्लिसचा रांगेत हात द्यायचा राहिला होता. घड्याळ बघत तो भिंतीशीच उभा राहिला होता. त्यानं तो हात धरला आणि सोडला नाही.

उजेड खिंडीवरून उतरत गेला. म्हातारा पुटपुटला, “किती दिलं मग तिनं शेवटी?”

“अठरा, बाबा.”

“चांगलं दिलं,” होबर्ट म्हणाला, आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं शीळ ऐकू येईनाशी झाली. आर्लिसनं हात तसाच धरून ठेवला, आणि दुसऱ्या हातानं, काय करावं ते न सुचून, किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्डवरचा दिवा लागला. पेट्रोलचा काटा हळूहळू वर चढला, अर्ध्याच्या कितीतरी पुढं गेला आणि तिथं थांबला.