हिरव्या टाकीचं उत्तर

मावशी बावीस वर्षं नळांना आणि सायकलच्या हँडलांना निकेलचा मुलामा चढवत होती. टाकीतलं पाणी कुठे बिनसलंय, हे ती नुसत्या रंगावरून ओळखायची. पण टाकीखात्याची प्रमुख व्हायचं तर विज्ञानाची परीक्षा पास हवी आणि त्यात ती दोनदा आपटली होती. ही तिसरी संधी शेवटची होती. लेखी कसंबसं निभावलं, राहिली तोंडी.

धाकट्या बहिणीला शिकता यावं म्हणून मावशीने कोवळ्या वयात शाळा सोडली होती. आता त्याच बहिणीची मुलगी रोज संध्याकाळी तिला घोकायला बसवी.

"धातू इलेक्ट्रॉन देतो, अधातू घेतो. देणारा धन, घेणारा ऋण. मग दोघं एकमेकांना ओढतात. झाला आयनिक बंध!"

"अगं, पण टाकीत धातू घेतोच की! कारखान्यात शिकवलंय आम्हाला."

"पालथ्या घड्यावर पाणी," म्हणत भाची कपाळाला हात लावी.

तोंडीला सरांनी नेमकं तेच विचारलं. "बंध होताना धातू काय करतो?"

"इलेक्ट्रॉन घेतो," मावशी बोलून गेली. सवय कुठली ऐकते! सरांनी पेन उचललं तसं तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"थांबा सर. हे टाकीतलं झालं. तिथे वीज सोडली की निकेल इलेक्ट्रॉन घेतो नि नळावर बसतो." ती अडखळली. घेतो, पण का घेतो? बावीस वर्षांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. "कारण त्याचे आधीच गेलेले असतात! आम्ही टाकीत हिरवा क्षार टाकतो ना, तो होताना निकेलने दोन इलेक्ट्रॉन दिले, क्लोरीनच्या दोन अणूंनी एकेक घेतला. म्हणून ते एकमेकांना धरून राहिले. पाण्यात सुटे होतात, मग वीज निकेलला त्याचे दोन परत देते."

"पुस्तकात असं एका दमात कुठे नाही," सर म्हणाले आणि हसून गुण लिहिले.

भाची बाहेर नखं खात उभी होती. "काय झालं?"

"पास!" मावशीने तिला घट्ट जवळ घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. "तुझंच बरोबर होतं गं, धातू देतोच. पण त्याला परतही मिळतं."