समान हप्ता

धाकट्याला घरात सगळे 'साहेब' म्हणत, कारण सल्ला देण्यापलीकडे त्याला काही येत नसे. विजेचं बिल उन्हाळ्यात फुगतं, थंडीत उतरतं, ही कटकट नको म्हणून त्याने आईला समान हप्त्याच्या योजनेत बसवलं. गेल्या वर्षीच्या वापराची सरासरी काढायची आणि दर महिन्याला तेवढाच आकडा भरायचा. "आई, आता डोक्याला ताप नाही," असं सांगून साहेब आपल्या घरी निघून गेले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी कुठे भरकटली ते कशाला दिसेल!

गेल्या वर्षी बाबा होते. त्यांचं श्वासाचं यंत्र रात्रंदिवस चालू असे. बाबा गेले, यंत्र परत गेलं, बिल मात्र होतं तिथेच. आईला वाटलं, आपलाच हात सैल आहे. तिने फ्रिज बंद केला, बल्ब काढून कपाटात ठेवले, गार पाण्याने अंघोळ सुरू केली. बिल ढिम्म हलेना. खोकून खोकून ती बेजार झाली, तेव्हा ब्लाउज शिवून पोट भरणारी थोरली हातातली कात्री टाकून धावत आली आणि अंधारात आईच्या पायांवरच अडखळली.

दुसऱ्या दिवशी थोरली वीज कार्यालयात जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत.

"वापर घटला तर हप्ता कमी होतो. पण अर्ज करावा लागतो."

"आणि हे कुणी सांगायचं?"

"माहितीपत्रकात आहे."

"ते वाचायला भिंग तुम्ही देता, की तेही हप्त्याने घ्यायचं?"

रांगेतले लोक हसले. बाईंनी तोंड वाकडं करून अर्ज सरकवला. थोरली रस्ताभर त्या कार्यालयाचा आणि साहेबांचा उद्धार करत आली. आई उजेडात, उबेत बसावी, एवढंच तिला हवं होतं.

"कर सही," ती आईला म्हणाली. "बाबांच्या यंत्राची वीज अजून तुझ्याकडून वसूल करतायत मेले! माणूस गेलं, हेसुद्धा त्यांना कळत नाही."

आईने पेन उचललं आणि परत ठेवलं.

"म्हणजे हे पैसे ह्यांचे आहेत होय? मी उगाच गारठले." ती उठली, कपाटातला बल्ब काढून तिने लेकीच्या हातात दिला. "हा लाव. फ्रिज चालू कर. अर्ज राहू दे."

"अगं, फुकट भरत बसणार? वेड लागलंय का तुला?"

"त्या कार्यालयाच्या हिशेबात तरी हे अजून घरात आहेत. तुम्ही तर आठवडा उलटायच्या आत त्यांचा पलंग उचललात."

थोरलीने बल्ब लावला. पलंग तिच्याच घरी होता. ती त्यावर शिवायचं कापड पसरत असे.