कोंबड्याच्या वर्षी जन्मलेला मेजर

माझ्या मुलाला एका जागी बसता येत नाही. खांद्यावर मेजरचा तारा आहे, हाताखाली दोनशे जवान आहेत, आणि घरी आला की खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. आमच्या बालिक्ची गावचा वारा तरी मधूनमधून पडतो, माझा एसेनकुल थांबत नाही. चहा ओतताना केलेला निश्चय वाटी रिकामी होईपर्यंत टिकत नाही. आईला आमच्याकडे अपा म्हणतात. सकाळी म्हणतो, "अपा, पुरे झाली नोकरी. पेन्शन घेतो, मेंढ्या पाळतो." दुपारी छावणीतून फोन, "अपा, नारिनच्या तुकडीची जागा एप्रिलमध्ये रिकामी होतेय. ती मिळाली की लेफ्टनंट कर्नल! मग पन्नाशीपर्यंत कुणी हलवत नाही."

गुलायिमने, माझ्या सुनेने, परवा त्याला तोंडावर सांगितलं, "मेंढ्या म्हणे! एक मेंढी रांग सोडून चालली तर तुम्हाला जेवण जाणार नाही."

अडचण अशी, की पंचेचाळीस पूर्ण झालेल्या मेजरला घरी पाठवतात. कागदावर त्याचे पंचेचाळीस येत्या नोव्हेंबरात भरतात. एप्रिल त्याच्या पाच महिने पुढे. तेवढ्यासाठी सत्तावीस वर्षांची नोकरी मेजरपदावरच संपणार, पेन्शनही मेजरचंच.

आणि खरं म्हणजे तो चव्वेचाळिसाचाच होतोय.

आमची वर्षं बारा जनावरांच्या नावाने फिरतात. कोंबड्याच्या वर्षी, बर्फात, मेंढ्यांच्या हिवाळी झोपडीत मी त्याला जन्म दिला. दवाखाना तीस कोस लांब. नोंद राहून गेली. चार वर्षांनी बालवाडीत घालायचा म्हणून मी कचेरीत गेले. तिथल्या रशियन बाईने विचारलं, मूल केवढं? मी म्हटलं, पाच. वय मोजताना पोटातलं वर्ष आम्ही कधी सोडलंय? आमच्याकडे कुणीही तसंच सांगितलं असतं. त्या बाईने विचारायला हवं होतं. तिने सरळ पाच वर्षं मागे मोजली आणि कोंबड्याच्या आधीचं, वानराचं वर्ष लिहून टाकलं. मला तेव्हा त्यांची अक्षरं वाचता येत नव्हती, आजही धड येत नाहीत.

चूक उघडकीला आली तेव्हा एसेन सातवीत होता. मी सगळ्यांना सांगितलं, बापाने घोटाळा केला. बाप बिचारा त्या दिवशी मेंढ्यांमागे डोंगरावर होता. पण तो माझ्या तोंडाला तोंड देणारा माणूस नव्हता. मरेपर्यंत नातेवाईक त्याला चिडवत राहिले, "अरे, पोराचं वय तरी नीट सांगायचंस!" आणि तो हसून मिशीवरून हात फिरवायचा.

या महिन्यात एसेनने वकील गाठला. वकील म्हणाला, जन्मतारीख न्यायालयात दुरुस्त होते, पण आईने साक्ष द्यायला हवी. झालं, त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू.

"अपा, न्यायाधीश विचारतील, तेव्हा मोठ्याने बोल. आणि सांग, बापाने चुकून..."

"मला बोलायला शिकवतोस? तुला बोलायला कुणी शिकवलं?"

"तसं नाही गं, अपा."

"मग बस खाली. टाचांनी सतरंजी झिजवलीस."

तो बसला आणि लगेच उठला.

बाप असं तो म्हणाला, ते मात्र मला लागलं. न्यायालयात शपथ घेऊन मेलेल्या माणसावर पुन्हा तेच ढकलायचं? मी गुलायिमला खरं काय ते सांगून टाकलं. ती पीठ मळत होती, हात थांबले. म्हणाली, "अपा, तुम्ही चुकलात? हे न्यायाधीशाच्या आधी मला ऐकायला मिळालं, देवाची कृपा." आगाऊ आहे, पण माझ्याच तालमीतली.

न्यायालयात मी मखमली कोट घालून गेले, डोक्याला पांढरा रुमाल. बाहेरच्या बाकावर बसलो. तुकडीतली कागदपत्रं सांभाळणारी सालामत फाईल घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "मेजर साहेब, एक बघितलंत का? नवीन तारखेने तुम्ही लष्कराची शपथ घेतलीत तेव्हा सोळाच वर्षांचे, म्हणजे भरतीच्या वयाच्या आतले होतात. राजधानीतून विचारणा येईल. पहिलं वर्ष सेवेतून वगळूही शकतात. आणि ते ठरेपर्यंत बढतीची फाईल पुढे सरकणार नाही."

"किती दिवस?"

"कधी महिना, कधी वर्ष. मी काय सांगू?"

झालं! एसेन उठला. त्या ओसरीत याच्या बुटांचा आवाज सुरू झाला. बाकांवरची माणसं माना इकडून तिकडे फिरवत त्याला बघू लागली. वकील काही सांगायला गेला, त्याला हाताने बाजूला केलं. मग माझ्यासमोर उकिडवा बसला. लहानपणी काही फोडून यायचा तेव्हा असाच बसायचा.

"अपा, एक काम कर. आत गेलीस की म्हण, आठवत नाही. तुझं वय झालंय, कुणी काही बोलणार नाही. अर्ज आपोआप पडेल. आहे ते पेन्शन तरी पूर्ण मिळेल."

"आणि नारिन?"

"नारिनचं... बघू. किंवा असं कर, आठवतं म्हण, पण नक्की नाही म्हण."

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठले. तोही उठला. आवाज खाली घ्यायची मला सवय नाही, तेव्हाही घेतला नाही.

"एसेन, माझं डोकं ठिकाणावर आहे. तुझ्या बापाच्या गळ्यात एक खोटं बांधून मी इतकी वर्षं ताठ मानेने फिरले. आता दुसरं खोटं माझ्या गळ्यात बांधून घेणार नाही. आत जाऊन सांगणार, पोरगा कोंबड्याच्या वर्षीचा आहे आणि चूक माझी आहे. एक वर्ष जाईल तर जाईल. कर्नल झालास तर हो. नाही झालास तर मेजरलाही आम्ही दोघी जेवायला घालू. सत्तावीस वर्षं तू नेकीने काढलीस, ते मी चारचौघांत सांगते. पण काय हवंय ते स्वतःच्या तोंडाने सांगायची हिंमत तुझ्यात नाही, म्हणून आईने विसरावं म्हणतोस. शत्रू समोर आला असता तर तू त्यालाच विचारलं असतंस, बाबा रे, मी थांबू की जाऊ? अधिकारी चांगला आहेस. माणूस म्हणून अजून भरतीच झालेला नाहीस!"